झील धरता येईल असा रॉक

‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडचा पहिला अल्बम १९९३ साली आला, तेव्हा त्यात शब्द मोजके आणि वाद्यंच फार होती. सुश्मित सेन यांची गिटार, असीम चक्रवर्ती यांचा तबला, राहुल राम यांचा बेस. रॉक, जॅझ, रागसंगीत, लोकसंगीत यांचा असा मेळ की चित्रपटगीतांवर पोसलेल्या कानाला धरून राहायला काही सापडत नसे. १९९७चा ‘डेझर्ट रेन’ तर मैफलीतच ध्वनिमुद्रित झालेला. त्यानंतर २००० साली ‘कंदीसा’ आला आणि हा बँड बऱ्याच मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोचला.

आता जास्त लोकांपर्यंत पोचलेला ‘सोपा’ अल्बम म्हटलं की गाणी आखूड झाली, चाली गुळगुळीत झाल्या, अशी शंका येते. इथे तसं झालं नाही. सातच गाणी, नेहमीच्या चित्रपटगीतापेक्षा बरीच लांब. बदल झाला तो एवढाच की गळा पुढे आला आणि त्याबरोबर पुन्हापुन्हा येणारी ओळ.

ही युक्ती धाराशिवकरांना नवी नाही. तुळजाभवानीच्या नावाने मांडलेल्या गोंधळात मुख्य गोंधळी ओळ टाकतो आणि साथीदार झील धरतात, म्हणजे तीच ओळ मागून म्हणतात. संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने गावोगावच्या देवांना आवतण जातं, पण ‘गोंधळाला या’ हा पुकारा तोच राहतो. त्यामुळे पहिल्यांदा आलेला माणूसही थोड्या वेळात सूर मिळवतो. मग आख्यान रात्रभर चाललं तरी तो उठत नाही.

‘कंदीसा’तलं ‘मा रेवा’ ऐका. नर्मदेचं हे पारंपरिक गाणं बँडमध्ये आणलं ते राहुल राम यांनी. नर्मदा बचाव आंदोलनात काम करत असताना ते त्या खोऱ्यात वावरले होते. ‘हिल्ले ले’ हे गोरख पांडे यांचं भोजपुरी गीत, मुळातच जमावाने म्हणण्याचं. आणि शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली अरामाईक वळणाची प्रार्थना. तिचा एक शब्दही आपल्याला कळत नाही, तरी ती सोबत म्हणता येते. म्हणजे श्रोत्याला आत घेण्याचं काम अर्थापेक्षा आवर्तनाने केलं. लोकगायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. रॉक बँडला मात्र ते शोधावं लागलं.

वाद्यांतही ओळखीचं काही भेटतं. ड्रमवादक अमित किलम मंचावर गाबगुबी वाजवतात. बंगालच्या बाउलांचं हे वाद्य म्हणजे आपल्या चौंडक्याची बहीणच: एका तोंडाला कातडं, त्यातून निघालेली तार, आणि ती ताणून-सैल करून काढलेले घुमते सूर.

आवर्तनाच्या या वाटेने गेल्यावर बँडचा प्रयोगशीलपणा आटला, असंही नाही. पुढे अनुराग कश्यप यांच्या ‘ब्लॅक फ्रायडे’ला त्यांनी संगीत दिलं, त्यातलं ‘बंदे’ घराघरांत पोचलं. असीम चक्रवर्ती २००९ मध्ये गेले, सुश्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले, तरी बँड चालूच राहिला.

नव्याने ऐकणाऱ्याने क्रम उलटा लावावा. आधी ‘मा रेवा’, मग ‘हिल्ले ले’, मग ‘कंदीसा’, आणि शेवटी १९९३चा तो पहिला अल्बम. तोवर कानाला आवर्तन ओळखायची सवय झालेली असते आणि गिटारचीच एखादी ओळ पुन्हा आली की ती आपण मनात धरतो. जे तेव्हा अवघड वाटलं असतं, त्यातही झील होतीच. फक्त ती गळ्याने नव्हे, वाद्यांनी धरली होती.