आधी पाय मोजा, मग सायकल निवडा

रोडबाइक घ्यायला दुकानात आलेलं नवं गिऱ्हाईक बहुतेक वेळा ती एका हाताने उचलून बघतं. दहा किलोच्या आणि आठ किलोच्या सायकलींमधला फरक हाताला लगेच कळतो, किमतीत तर तो फारच कळतो. पायांना किती कळेल? 70 किलोचा माणूस 10 किलोच्या सायकलवरून आठ टक्क्यांचा चढ ताशी 8 किलोमीटरने चढतोय असं धरा. गुरुत्वाकर्षणाशी झगडायला त्याला साधारण 140 वॉट शक्ती लागते. सायकल दोन किलोंनी हलकी केली, तर 136. पहिल्या सायकलसाठी एवढ्या बचतीपायी हजारो रुपये जास्त मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच चढावर गिअरचा हिशेब करून बघा. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पुढच्या लहान चक्रावर 39 आणि मागच्या मोठ्या चक्रावर 25 दाते असत. या जोडीत पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 3.3 मीटर पुढे जाते. ताशी 8 किलोमीटरला मिनिटाचे जेमतेम 41 फेरे होतात आणि प्रत्येक फेरा गुडघ्यावर येतो. पुढे 34 आणि मागे 32 दाते असतील, तर वेग तोच, शक्ती तीच, पण फेरे 60 होतात आणि पायडलवरचा जोर जवळपास एक तृतीयांशाने उतरतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तो जड गिअरवर उभा राहून चढू शकतो. रविवारी कात्रजचा घाट चढू पाहणाऱ्या नवख्याने दुकानदाराला आधी हे दाते विचारावेत, वजन नंतर.

यापुढचा प्रश्न मापाचा, आणि तो सगळ्यांत मोठा. नुसत्या उंचीवरून फ्रेमचं माप सांगितलं जातं, ते अर्धवट आहे. 170 सेंटीमीटर उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब आणि धड आखूड, तर दुसऱ्याचं उलट असू शकतं. म्हणून पाय मोजायचा. अनवाणी, पाठ भिंतीला लावून उभं राहा, एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबून धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्या. या मापाला 0.883 ने गुणलं की पायडलचे दांडे, म्हणजे क्रँक, ज्याभोवती फिरतात त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. ग्रेग लेमाँड या अमेरिकी सायकलपटूमुळे हे सूत्र जगभर पसरलं. त्याआधी, 1967 साली, हॅम्ली आणि थॉमस या ब्रिटिश संशोधकांनी दुसरं सूत्र मांडलं होतं: सर्वांत खालच्या पायडलपासून सीटपर्यंत पायाच्या मापाच्या 109 टक्के. पाय 80 सेंटीमीटरचा असेल, तर पहिल्या सूत्राने 70.6 सेंटीमीटर येतात. त्यात क्रँकच्या लांबीचे 17 मिळवले की 87.6. दुसऱ्या सूत्राने 87.2. वेगवेगळ्या वाटांनी निघून दोघं इतक्या जवळ येतात, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

ही उंची लावली की नवख्याला भीती वाटते, कारण सीटवर बसून पाय जमिनीला टेकत नाहीत. लहानपणापासून आपल्याला दोन्ही पाय टेकले पाहिजेत असंच शिकवलेलं असतं. पण रोडबाइकच्या क्रँकचा मध्य जमिनीपासून सुमारे 27 सेंटीमीटरवर असतो. त्यातून क्रँकची लांबी वजा केली, तर सर्वांत खालचं पायडलही जमिनीपासून 10 सेंटीमीटर वर राहतं. पायडलपर्यंतच पाय जवळपास सरळ होत असेल, तर जमीन गाठणार कशी? थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय लावून घ्यावी लागते. दोनतीन दिवसांत ती अंगवळणी पडते.

सूत्र हा आरंभ. खरी कसोटी गुडघ्याची. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा 25 ते 35 अंश वाकलेला राहावा. सीट खाली असेल, तर गुडघा जास्त वाकतो आणि वाटी मांडीच्या हाडावर जोराने दाबली जाते, म्हणून गुडघा पुढून दुखतो. सीट फार वर असेल, तर पाय पुरवायला कंबर डावीउजवीकडे हलते आणि दुखणं गुडघ्याच्या मागे जातं. मिनिटाला 80 फेरे धरले, तरी तासाभरात प्रत्येक गुडघा 4,800 वेळा वाकतो. अर्ध्या सेंटीमीटरची चूक इतक्या वेळा घडली, की स्नायू तिची नोंद घेतातच.

हँडल किती लांब आणि किती खाली, हे वाऱ्यामुळे ठरतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती घनाने. वारा अडवण्यात सायकलपेक्षा आपल्या शरीराचा वाटा कितीतरी मोठा, म्हणून शर्यतीतले स्वार इतके वाकतात. पण जी बैठक तासभर टिकत नाही, तिचा फायदा कागदावरच राहतो. नवख्याला हँडल थोडं उंच आणि जवळ असलेली, लांब पल्ल्यासाठी घडवलेली फ्रेमच बरी. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, तर तळहाताच्या कडेने जाणारी नस दबते आहे. अशा वेळी सीटचं नाक खाली झुकलंय का ते आधी बघा, कारण मग शरीर पुढे घसरून भार हातांवर येतो. हँडल लांब पडतं म्हणून सीट पुढे सरकवणं मात्र चूक. त्याने पायाची जागा बिघडते. त्यासाठी स्टेम, म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा, आखूड बसवावा.

टायर 28 मिलिमीटरचे घ्या, फ्रेममध्ये जागा असेल तर 32 चे. अरुंद, दगडासारखा फुगवलेला टायर खडबडीत रस्त्यावर प्रत्येक खडीवर आपल्याला वर फेकतो. ती ऊर्जा आपणच दिलेली असते आणि ती अंग हादरवण्यात वाया जाते. रुंद टायर कमी हवेवर ती खडी स्वतःत सामावून घेतो.

पैसे देण्यापूर्वी दुकानातच सीट हिशेबाच्या उंचीवर लावून घ्या आणि सीटच्या दांड्यावर कोरलेली मर्यादेची रेघ शोधा. ती फ्रेमच्या बाहेर दिसत असेल, तर ती फ्रेम तुमच्यासाठी लहान आहे, मोठ्या मापाची मागवा.