“गाडी स्टार्ट होत नाही, किती लागतील?” इग्निशनच्या कामाचं एस्टिमेट कसं काढायचं



गॅरेज टाकायचं म्हटलं की सगळ्यांना आधी गाळा आणि टूल्सची काळजी लागते. खरी परीक्षा मात्र पहिल्या फोनला होते. “भावा, गाडी स्टार्ट हुईना. किती लागतील सांग की.” गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून आपण तोंडाला येईल तो आकडा सांगून मोकळे होतो.

मीही तेच केलं होतं. धंद्याचं पहिलं वर्ष, एक पेट्रोल गाडी मिसिंग करत होती. फोनवर ऐकूनच मी म्हटलं, “कॉइल गेली असणार, मजुरीसकट २,२०० द्या.” कॉइल बदलली, गाडी मस्त पळाली. १२ दिवसांनी तीच गाडी तेच मिसिंग घेऊन दारात! या वेळी नीट बघितलं तर प्लगच्या खड्ड्यात इंजिन ऑईल साचलेलं. वरच्या कव्हरचं पॅकिंग गळत होतं आणि त्या ऑईलनं कॉइलचं रबर खाल्लं होतं. दुसरी कॉइल, पॅकिंग, अर्ध्या दिवसाची मेहनत, सगळं माझ्या खिशातून गेलं. बीबीएला कॉस्टिंगचा पेपर चांगला गेला होता, हे इथं सांगायलाही लाज वाटते.

माझा दर चुकला नव्हता. मी तपासणी न करता दुरुस्तीची किंमत सांगितली, ती चूक. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हीचे पैसे वेगळे लागतात.

तपासणीत नेमकं काय करायचं? किल्ली फिरवल्यावर सेल्फ फिरतो का, हे आधी बघा. फिरतच नसेल तर बॅटरी, टर्मिनल, रिले, इग्निशन स्विच किंवा सेल्फ मोटर यांपैकी काहीतरी असतं. चांगली चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जात असेल, तर कॉइलकडे बघायच्या आधी बॅटरी तपासा. कितीतरी ‘मोठी कामं’ टर्मिनल घासून घट्ट केल्यावर संपतात.

सेल्फ फिरतो पण इंजिन उचलत नाही, किंवा मिसिंग आहे, तर स्कॅनर लावा. पी०३०२ कोड म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर. तेवढ्यावर लगेच कॉइल मागवू नका. दोनची कॉइल तीनला लावा, कोड पुसा आणि गाडी चालवून बघा. कोड पी०३०३ झाला तर कॉइलच गेली. दोनवरच राहिला तर प्लग, वायरिंग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं पुढं बघत जायचं. (डिझेल गाडीला स्पार्क प्लगच नसतो, तिथं हा हिशोब लावू नका.)

आता या तासाभराची किंमत. समजा तुम्ही उद्यमनगरात छोटा गाळा घेतला. खालचे आकडे फक्त हिशोबासाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला. भाडं १०,०००, मेकॅनिक १८,०००, हेल्पर ९,०००, वीज-फोन-चहा ३,०००, स्कॅनर आणि टूल्सची झीज २,०००, आणि तुमचा स्वतःचा पगार २०,०००. हा शेवटचा आकडा नवीन लोक हमखास विसरतात. एकूण ६२,०००. तुम्ही आणि मेकॅनिक मिळून महिन्याला चारशे तास हजर असता, पण बिल लागतं त्यातल्या जेमतेम २०० तासांचं. बाकीचा वेळ पार्ट आणण्यात, फोनवर आणि गप्पांत जातो. ६२,००० भागिले २०० म्हणजे ३१० रुपये तास. ही फक्त तुमची लागत झाली. नफा धरून ३५० लावा.

पार्टवर एमआरपीच्या वर घ्यायचं नाही. खरेदीत मिळणारी सूट हीच तुमची कमाई, आणि पार्ट खराब निघाला तर परत करायची मजुरीही त्यातूनच निघते. म्हणून सगळी सूट गिऱ्हाइकाला देऊन टाकणं मला पटत नाही. जीएसटी नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावता येत नाही. पार्टवर तुम्ही भरलेला कर मात्र लागतीत धरा.

माझ्या एस्टिमेटच्या कागदावर आता तीनच ओळी असतात. तपासणी ३५०, काम करा किंवा नका करू. मग तपासून नक्की झालेलं काम, पार्ट आणि मजुरी वेगवेगळी. तिसरी ओळ ‘उघडल्यावर निघू शकतं’ याची, जास्तीत जास्त आकड्यासकट. त्या खाली लिहिलेलं असतं की विचारल्याशिवाय हे काम होणार नाही. जुना पार्ट पिशवीत घालून परत देतो. वाद निम्मे तिथंच मिटतात.

“बाजूचा तर फुकट बघतो,” असं ऐकावं लागतंच. मी हसून म्हणतो, “दादा, तो बघतो फुकट, पण मग पार्ट अंदाजानं बदलतो.” काही जण निघून जातात. जाऊ देत.

एका बाबतीत मात्र तिसऱ्या ओळीत आकडा लिहूच नका: पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कोल्हापूरकर विसरणार नाहीत. अशा गाडीचा फोन आला तर पहिलं वाक्य, “किल्ली फिरवू नका.” सिलिंडरमध्ये पाणी असेल तर सेल्फ मारल्यावर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि इग्निशनचं काम थेट इंजिनच्या कामावर जातं. तिथं फक्त उघडून बघायची मजुरी सांगा, ती लेखी घ्या आणि गाडी टो करून आणा.