जीर्णोद्धार केलेली मोटार विकणें आहे

अमेरिकेंत जुन्या मोटारींच्या विक्रीच्या ज्या जाहिराती येतात, त्यांत एक ठराविक मासला वारंवार आढळतो. १९६७ सालची शेव्हरोले कॉर्व्हेट, दोन आसनांची, टप उघडणारी, संपूर्ण जीर्णोद्धार केलेली, इंजिन मूळचें, आंकडे जुळतात, कागदपत्रें आहेत. एवढ्या दोन ओळी, आणि खालीं किंमत. ही गाडी नवी होती तेव्हां तिची किंमत सुमारें ४,२४० डॉलरांपासून सुरू होत असे. आज या दोन ओळींतील एकेका शब्दाचा भाव त्याहून अधिक असूं शकतो. म्हणून आज मी मोटारीविषयीं थोडें आणि त्या शब्दांविषयीं अधिक बोलणार आहें.

प्रथम गाडीची ओळख. जानेवारी १९५३ मध्यें न्यूयॉर्क येथील वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलांत जनरल मोटर्स कंपनीनें भरविलेल्या प्रदर्शनांत ही गाडी प्रथम लोकांपुढें आली. कॉर्व्हेट हें नांव एका लहान युद्धनौकेचें. त्याच वर्षीं ३० जून रोजीं मिशिगन राज्यांतील फ्लिंट येथील कारखान्यांतून पहिली गाडी बाहेर पडली. वर्षअखेरपर्यंत ३०० झाल्या. सगळ्या बाहेरून पांढऱ्या आणि आंतून तांबड्या. गाडीचें अंग मात्र पत्र्याचें नव्हतें. पत्रा दाबण्यासाठीं पोलादी साचे करावे लागतात व ते फार महाग पडतात. थोड्या गाड्यांसाठीं तो खर्च परवडत नाहीं. म्हणून कांचेचे बारीक तंतू राळेंत बसवून हें अंग घडविलें. रूप मोठें देखणें झालें, पण इंजिन सहा सिलिंडरांचें आणि गिअर दोनच, तेही आपोआप बदलणारे. वेगाच्या शौकिनांनीं नाकें मुरडलीं. १९५५ सालीं अवघ्या ७०० गाड्या निघाल्या आणि ही जात आतां बुडते कीं काय, अशी वेळ आली. परंतु त्याच वर्षीं तिला आठ सिलिंडरांचें इंजिन मिळालें, आणि झोरा आर्कस-डंटोव्ह नांवाच्या, ब्रुसेल्स येथें जन्मलेल्या एका हट्टी अभियंत्यानें पुढें कित्येक वर्षें तिचा पिच्छा सोडला नाहीं. १९६७ सालीं २२,९४० गाड्या झाल्या. त्यांतील १४,४३६ टप उघडणाऱ्या होत्या.

आमच्या जाहिरातींतली गाडी यांपैकींच एक. पण या चौदा हजारांत सगळ्या सारख्या नाहींत. कोणींत ३०० अश्वशक्तीचें इंजिन आहे, कोणींत ४३५ अश्वशक्तीचें. आणि ‘एल-८८’ या खुणेचें, खास शर्यतीसाठीं केलेलें इंजिन तर त्या वर्षीं अवघ्या २० गाड्यांत बसलें. बाहेरून पाहिलें तर फरक थोडा, बहुतेक इंजिनावरील झांकणाच्या उंचवट्यापुरता. आणि झांकण बदलतां येतें. अशा वीसांतली एक उघड्या टपाची गाडी २०१३ सालीं डॅलस येथील लिलावांत तीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. जेथें एका इंजिनामुळें भावांत एवढें अंतर पडतें, तेथें मनुष्याच्या मनाला मोह पडावा यांत नवल नाहीं.

आतां ‘जीर्णोद्धार’ या शब्दाकडे वळूं. आपल्याकडे हा शब्द देवळासाठीं वापरतात. भिंती नव्या, कळस नवा, सभामंडप तर कधीं कधीं आमूलाग्र नवा. तरी देऊळ तेंच, कारण गाभाऱ्यांतला देव तोच. मोटारीचा गाभारा कोणता? पाली भाषेंतील ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथांत भिक्षु नागसेन मिलिंद राजाला असेंच विचारतो: तूं रथांत बसून आलास, तर दांडा म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतो, आणि शेवटीं रथ हें या साऱ्यांच्या आधारानें दिलेलें एक नांव आहे, असें ठरतें. भिक्षूला एवढ्यानें समाधान लाभलें. मोटारीच्या गिऱ्हाइकाला लाभत नाहीं, कारण त्याला त्या नांवाचे पैसे मोजावयाचे असतात.

शिवाय या गाडीचें अंग गंजत नाहीं, आणि येथेंच नवखा मनुष्य फसतो. वरचें अंग कांचतंतूंचें असलें तरी खालचा सांगाडा पोलादी आहे, आणि बसण्याच्या जागेभोंवतीं अंगाच्या आंत दडलेला एक पिंजराही पोलादीच आहे. ज्या प्रांतांत हिवाळ्यांत रस्त्यांवरचें बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात, तेथें पन्नास वर्षें काढलेल्या गाडीचा रंग आरशासारखा असूनही तो पिंजरा आंतून पोखरलेला असूं शकतो. तेव्हां अंग सांगाड्यावरून उचलून अलग केलें होतें काय, कीं गाडी उभी होती तशीच तिला रंग दिला, हें प्रथम विचारावें. दोन्ही कामांना ‘संपूर्ण जीर्णोद्धार’ म्हणण्याची जाहिरातदारांना मुभाच आहे. अंगाचे तुकडे जेथें एकमेकांस चिकटविलेले असतात, तेथें आंतल्या बाजूनें जोडपट्ट्या असतात. चाकांच्या वरच्या पोकळींत बॅटरीचा उजेड टाकून त्या मूळच्या आहेत कीं नाहींत हें पाहिलें, म्हणजे गाडी पूर्वीं कोठें आदळली होती काय, याचा बराच उलगडा होतो.

‘आंकडे जुळतात’ हा त्यापुढचा शब्द, आणि सर्वांत महाग. इंजिनाचा ठोकळा ओतला गेला तो दिवस त्याच्यावर उठावाच्या अक्षरांत असतो. त्यांतलें अक्षर महिन्याचें: ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘बी’ म्हणजे फेब्रुवारी, याप्रमाणें. उजव्या बाजूच्या सिलिंडर-हेडपुढें एक लहानशी सपाट जागा आहे. तिच्यावर इंजिन जोडल्याची तारीख, त्याचा प्रकार आणि गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आंकडे ठोकलेले असतात. फेब्रुवारींत तयार झालेल्या गाडींत मे महिन्यांत ओतलेला ठोकळा निघाला, तर तो मूळचा नव्हे, हें सांगावयास तज्ज्ञ नको. परंतु तारखा जुळल्या आणि क्रमांकही जुळला, तरी प्रश्न संपत नाहीं. कारखान्यांत ही सपाट जागा ज्या हत्यारानें तासली जाई, त्याचे बारीक, समांतर ओरखडे तेथें उमटत. पुढें कोणी ती जागा घासून नवे आंकडे ठोकले, तर ते ओरखडे जातात. म्हणून जाणता गिऱ्हाईक भिंग घेऊन आधीं ओरखडे पाहतो, मग आंकडे वाचतो.

आणि गंमत अशी कीं, ओरखडे जाण्यास लबाडीच लागते असें नाहीं. इंजिन झिजलें कीं चांगला कारागीर ठोकळ्याचा वरचा पृष्ठभाग यंत्रावर पुन्हा सपाट करतो. काम अगदीं योग्य. पण त्यांत ते आंकडेही पुसले जातात. १९७५ च्या सुमारास एखाद्या मालकानें असें इंजिन दुरुस्त करून घेतलें असेल, तेव्हां ती आठ वर्षांची जुनी गाडी होती, ठेवा नव्हता. आज त्याच ठोकळ्यावर त्याचाच खरा क्रमांक कोणी पुन्हा ठोकला, तर त्याला खोटें म्हणावें काय? माझ्या मतें म्हणावें. आंकडा खरा असेल, पण तो कारखान्यानें ठोकलेला आहे हें त्याचें सांगणें खरें नाहीं, आणि गिऱ्हाईक पैसे त्या सांगण्याचे देतो.

कागदपत्रांचेंही असेंच. या गाडींत हातकप्प्याखालच्या पट्टीवर रिव्हेटांनीं बसविलेले पत्रे असतात. एकावर गाडीचा क्रमांक, दुसऱ्यावर मूळ रंगाची व आंतल्या सजावटीची खूण. तांबडी गाडी पुष्कळांना आवडते, म्हणून हिरवीची तांबडी झालेली असते. पत्र्यावर मात्र हिरवीच राहते. याहून मौल्यवान पुरावा पेट्रोलच्या टाकीवर. १९६७ सालच्या गाड्यांत, ही गाडी कशी बांधावी हें सांगणारा कारखान्याचा एक कागद टाकीच्या माथ्यावर चिकटवीत असत. त्यावेळीं ती निव्वळ कामगारांच्या सोयीची चिठ्ठी होती. आज टाकी खालीं उतरवून, वाळवी लागलेल्या पोथीसारखा तो कागद हलक्या हातानें पाहतात. इंजिन कोणतें होतें हें त्यांत असतें. आणि जीर्णोद्धाराच्या उत्साहांत टाकी घासून लख्ख करणाऱ्यानें तो खरवडून टाकलेला असतो!

१९७४ सालीं स्थापन झालेली ‘नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटी’ अशा गाड्यांची परीक्षा घेऊन गुण देते. तिची कसोटी सौंदर्याची नाहीं. कारखान्यांतून गाडी जशी निघाली, तशी ती आहे काय, एवढेंच ती पाहते. त्या काळच्या रंगांत सुरकुत्या असत, तुकड्यांमधल्या फटी सारख्या नसत. त्याहून सफाईदार काम केलें तर गुण कापले जातात. हा न्याय प्रथम विचित्र वाटतो; पण विचार केल्यावर मला तो पटला.

केंटकी राज्यांत बोलिंग ग्रीन येथें या गाड्यांचें एक संग्रहालय आहे. १२ फेब्रुवारी २०१४ रोजीं पहांटे त्याच्या एका दालनाखालची जमीन खचली आणि आठ गाड्या खड्ड्यांत गेल्या. सगळ्या बाहेर काढल्यावर फक्त तीन दुरुस्त केल्या. त्यांतली एक १९६२ सालची काळी, आणि एक १९९२ सालीं तयार झालेली दहा लाखावी कॉर्व्हेट. पहिल्या तीनशेंप्रमाणें तीही बाहेरून पांढरी, आंतून तांबडी. ती बांधतांना कामगारांनीं तिच्या भागांवर सह्या केल्या होत्या. दुरुस्तींत नवा भाग घालणें सोपें असूनही, सह्यांचे भाग जपण्यासाठीं कारागिरांनीं पुष्कळ खटपट केली. उरलेल्या पांच गाड्या चेंगरलेल्या तशाच ठेवल्या.

आतां आमच्या जाहिरातीकडे परत. मला कोणी विचारलें तर ‘आंकडे जुळतात’ म्हणणाऱ्या गाडीपेक्षां, ‘इंजिन अमुक सालीं बदललें, ही त्याची पावती’ असें सांगणारी गाडी मी आधीं पाहीन. ती पुष्कळ स्वस्त असते आणि रस्त्यावर तितकीच चांगली धांवते. जातांना बॅटरी, भिंग आणि लहान आरसा न्यावा. विक्रेत्याला टाकी उतरवूं देतां काय म्हणून विचारावें, आणि तो काय उत्तर देतो तें ऐकून मगच टप उघडून बसावें.