बोर्ड गेमचं ॲप करताय? आधी मालकी कशाची ते बघा

समजा, तुम्ही लोह्यात किंवा नांदेडला बीसीए नाहीतर बीएस्सी कॉम्प्युटर करताय. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून आवडत्या बोर्ड गेमचं मोबाइल ॲप बनवलं. मित्रांनी खेळून बघितलं, आवडलं, आता ते प्ले स्टोअरवर टाकायचं आहे. मग खेळ छापणाऱ्या कंपनीची परवानगी लागते का?

मी पीएचडीसाठी गेम खेळणाऱ्या प्रोग्रामवर काम करते, त्यामुळे ज्युनिअर मुलं-मुली हा प्रश्न हमखास विचारतात. "फुकटच देतोय ना, मग काय होतंय?" असा एक समज असतो. "खेळ कंपनीचा, त्याला हातच लावायचा नाही," असा दुसरा. दोन्ही अर्धवट आहेत. कारण खेळ ही एकच वस्तू नसते. त्यात निदान तीन गोष्टी असतात आणि तिघींचा कायदा वेगळा असतो.

नियम, रूप आणि नाव

पहिली गोष्ट नियम. फासा टाका, सहा पडले की सोंगटी बाहेर काढा, हा नियम कुणाच्या मालकीचा नाही. आपल्या पेटंट कायद्याच्या (1970) कलम 3(म) नुसार, म्हणजे इंग्रजी क्रमाने 3(एम) नुसार, खेळ खेळण्याची पद्धत हा शोध धरलाच जात नाही, त्यामुळे तिला पेटंट मिळत नाही. कॉपीराइटही कल्पनेला नसतो, ती मांडण्याच्या तऱ्हेला असतो.

दुसरी गोष्ट रूप. पटावरचं चित्र, पत्त्यांवरचा मजकूर, नियमपुस्तिकेतली वाक्यं. हे कुणीतरी काढलेलं, लिहिलेलं असतं आणि त्यावर कॉपीराइट असू शकतो. पुस्तिका स्कॅन करून ॲपमध्ये टाकली की तुम्ही नियम घेतलेले नसतात, लिखाण घेतलेलं असतं.

तिसरी गोष्ट नाव. ते ट्रेडमार्कमध्ये येतं.

माळेगावच्या यात्रेत भज्यांचं दुकान कुणीही टाकावं. बेसन, मिरची, कढई कुणा एकाची नाही. पण शेजारच्या नावाजलेल्या हॉटेलाची पाटी आपल्या दुकानावर लावली, तर भांडण होणारच.

स्क्रॅब्युलसचं काय झालं?

हे नुसतं पुस्तकी नाही. रजत आणि जयंत अगरवाला या कोलकात्याच्या दोन भावांनी स्क्रॅबलसारखा ऑनलाइन खेळ केला आणि नाव ठेवलं स्क्रॅब्युलस. 2007 मध्ये तो फेसबुकवर आला आणि बघता बघता रोज लाखो लोक खेळू लागले. स्क्रॅबलचे हक्क अमेरिका-कॅनडात हॅस्ब्रोकडे आणि बाकी जगात मॅटेलकडे. जानेवारी 2008 मध्ये खेळ काढून टाकायची मागणी झाली. जुलैमध्ये हॅस्ब्रोने न्यूयॉर्कमध्ये दावा लावला आणि त्याच महिन्यात अमेरिका-कॅनडातल्या खेळाडूंसाठी स्क्रॅब्युलस बंद झालं.

इकडे मॅटेल दिल्ली उच्च न्यायालयात गेली. 17 सप्टेंबर 2008 चा तो अंतरिम आदेश माझ्या मते प्रत्येक गेम करणाऱ्याने समजून घ्यावा. न्यायालयाने नाव वापरायला मनाई केली, कारण स्क्रॅब्युलस हे स्क्रॅबलच्या फारच जवळ जातं. मात्र पटावरच्या कॉपीराइटचा दावा प्रथमदर्शनी मान्य केला नाही.

त्याची दोन मोठी कारणं होती. एक, पटावरच्या रंगीत घरांची मांडणी आणि खेळाचे नियम एकमेकांत इतके गुंतलेत, की मांडणीवर मालकी दिली तर कल्पनेवरच दिल्यासारखं होईल. दुसरं, कॉपीराइट कायद्याचं कलम 15(2). एखादं डिझाइन नोंदवता येण्यासारखं असून नोंदवलं नाही आणि ती वस्तू कारखान्यात 50 पेक्षा जास्त वेळा तयार झाली, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो.

थोडक्यात, खेळ राहिला पण नाव गेलं. भावांनी खेळाचं नाव लेक्स्युलस केलं, टाइल्सची संख्या आणि गुण बदलले. डिसेंबर 2008 मध्ये हॅस्ब्रोने दावा मागे घेतला.

पण हा आदेश भारतातला आहे आणि ॲप मात्र जगभर जातं. 2012 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या न्यायालयाने टेट्रिससारखा दिसणारा एक खेळ बेकायदेशीर ठरवला. नियम घ्यायला हरकत नव्हती, पण ठोकळ्यांचं रूपही जसंच्या तसं उचललं होतं.

मग परवानगी कधी मागायची?

ल्युडो, सापशिडी, पच्चीसी, बुद्धिबळ यांचे नियम वापरायला कुणाला विचारायची गरज नाही. नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीचा ल्युडो किंग 2016 मध्ये आला, तो अशाच जुन्या, सगळ्यांच्या खेळावर उभा आहे. चित्रं आणि ॲपचं नाव मात्र स्वतःचं हवं.

अभ्यासासाठी, आपल्याच संगणकावर केलेल्या कामाला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये संशोधनाची आणि खासगी वापराची सवलत आहे. माझ्या विषयातलं एक गाजलेलं उदाहरण म्हणजे रॉबर्ट थॉमस यांचा 2003 चा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला पीएचडी प्रबंध. त्यांनी सेटलर्स ऑफ कॅटन खेळणारा प्रोग्राम लिहिला, त्यावर पुढे बऱ्याच जणांनी संशोधन केलं. पण अभ्यासाची सवलत प्ले स्टोअरपर्यंत ताणू नका. सगळ्यांसाठी टाकलेलं ॲप खासगी राहत नाही, मग ते फुकट असो की जाहिरातींचं.

सध्या विकल्या जाणाऱ्या खेळाचं नाव किंवा चित्रं हवीच असतील, तर प्रकाशकाला लिहा. बोर्ड गेम अरेना या मोठ्या साइटवरही हक्क असलेला खेळ प्रकाशकाच्या परवान्यानंतरच येतो. मेल छोटा ठेवा: मी कोण, कोणता खेळ, काय काय वापरणार, पैसे घेणार की नाही, कुठे टाकणार, आणि सांगितलं तर काढून टाकेन. उत्तर आलं नाही, तर ती परवानगी समजू नका.

नाहीतर स्वतःचं करा. मराठीत शब्दखेळ करायचा म्हटलं, तर तसंही नवीनच करावं लागतं. स्क्रॅबलचे गुण आल्फ्रेड बट्स यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून ठरवले होते, ते आपल्याला लागू पडत नाहीत. काना, वेलांटी वेगळी टाइल धरायची की अक्षराला जोडून? 'ळ' ला किती गुण? जोडाक्षरांचं काय? याची उत्तरं तुम्ही शोधली, की ती मेहनत तुमची असते आणि तिच्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

नाव पक्कं करण्याआधी तेवढं ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी साइटवर शोधून बघा. फुकट आहे, दहा मिनिटं लागतात. मराठी अक्षरं मोजायचा छोटा प्रोग्राम पुढच्या लेखात लिहू.