गर्दीत पुढे असणे म्हणजे बहुमत नव्हे

गेल्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गात मॉनिटरपदासाठी पाच मुले उभी राहिली. एकूण ४१ मते पडली आणि पहिल्या आलेल्या मुलाला १३ मिळाली. मी त्याचे नाव फळ्यावर लिहिले, टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "मॅडम, २८ जणांनी त्याला मत दिलेलं नाही. तरी तोच मॉनिटर?"

हिशेब अगदी बरोबर होता. त्या क्षणी मला नीट उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर मात्र अमेरिकेतील २०१६ ची निवडणूक आठवली. तिथेही नेमके हेच घडले होते, आणि त्याची किंमत कितीतरी मुस्लिम कुटुंबांना मोजावी लागली.

निवडणुकीआधीची निवडणूक

आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचे हे पक्षाचे नेते ठरवतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे राज्याराज्यांतले मतदार ठरवतात. या मतदानाला 'प्रायमरी' म्हणतात. काही राज्यांत लोक सभेला जमून आपली पसंती नोंदवतात, त्याला 'कॉकस' म्हणतात. या मतांवरून पक्षाच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधी ठरतात. निम्म्याहून अधिक प्रतिनिधी ज्याच्या बाजूने, तो पक्षाचा उमेदवार.

सगळी राज्ये एकाच दिवशी मतदान करत नाहीत. २०१६ मध्ये हे सत्र फेब्रुवारीत सुरू होऊन जूनपर्यंत चालले. पण खरी धावपळ वर्षभर आधीच सुरू होते. मतदान दूर असते, मात्र 'पुढे कोण' याची चर्चा रोज चालते. ही सुरुवातीची आघाडी किती खरी असते?

सतरा उमेदवार

२०१५ साली रिपब्लिकन पक्षात तब्बल १७ प्रमुख उमेदवार उतरले. सुरुवातीला जेब बुश यांचे नाव आघाडीवर होते. वडील राष्ट्राध्यक्ष, भाऊ राष्ट्राध्यक्ष, स्वतः फ्लोरिडाचे माजी गव्हर्नर. त्यांच्या पाठीराख्या गटाने १० कोटी डॉलरहून अधिक निधी जमवला होता. स्कॉट वॉकर हे आणखी एक गाजलेले नाव. पण वॉकर यांनी सप्टेंबर २०१५ मध्येच माघार घेतली, एकही मत पडण्याआधी. बुश तीन राज्यांच्या मतदानापर्यंत टिकले आणि २० फेब्रुवारी २०१६ रोजी बाहेर पडले. म्हणजे ओळखीचे नाव आणि पैसा यांच्या जोरावर मिळालेली आघाडी वाऱ्यावर उडून गेली.

डोनाल्ड ट्रम्प १६ जून २०१५ रोजी रिंगणात उतरले आणि महिनाभरातच जनमत चाचण्यांत पुढे गेले. त्यांना पाठिंबा सुमारे चौथाई लोकांचा. बाकीची मते सोळा जणांत विखुरलेली. ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडला पहिली वादचर्चा झाली, तेव्हा मुख्य मंचावर दहाच जणांना जागा मिळाली आणि उरलेल्या सात जणांची चर्चा आधी उरकण्यात आली. कोण कुठे उभा राहणार हे जनमत चाचण्यांवरून ठरले. जो पुढे तो कॅमेऱ्यासमोर, आणि जो कॅमेऱ्यासमोर तो आणखी पुढे.

७ डिसेंबर २०१५ रोजी ट्रम्प यांनी मुस्लिमांना अमेरिकेत येण्यास पूर्ण बंदी घालावी अशी मागणी केली. त्यांच्याच पक्षातील अनेक प्रतिस्पर्ध्यांनी तिचा निषेध केला. पण निषेध करणारे एकत्र आले नाहीत. प्रत्येकाला वाटत होते, दुसऱ्याने माघार घ्यावी, मग मी पुढे जाईन.

एक तृतीयांश मते, सगळे प्रतिनिधी

मतदान सुरू झाले तेव्हा काय झाले पाहा. १ फेब्रुवारीला आयोवात टेड क्रूझ पहिले आले, ट्रम्प दुसरे. न्यू हॅम्पशायरमध्ये ट्रम्प सुमारे ३५ टक्के मतांवर जिंकले. २० फेब्रुवारीला साऊथ कॅरोलिनात त्यांना सुमारे साडेबत्तीस टक्के मते मिळाली. मार्को रुबिओ आणि क्रूझ यांना प्रत्येकी बावीस टक्क्यांच्या वर. उरलेली मते आणखी तिघांत वाटली गेली. पण त्या राज्याच्या नियमांनुसार सगळेच्या सगळे ५० प्रतिनिधी ट्रम्प यांना मिळाले. तीनपैकी दोन मतदारांनी दुसऱ्याला मत दिले होते, तरीही.

आपल्याकडे याला आपण मतविभाजन म्हणतो. आपल्या निवडणुकांतही ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, मग ती तीस टक्के का असेनात. म्हणून हा हिशेब आपल्याला परका नाही.

मैदान रिकामे व्हायला मे महिना उजाडला. ३ मे रोजी क्रूझ आणि दुसऱ्या दिवशी जॉन केसिक बाहेर पडले. तोपर्यंत खूप उशीर झाला होता. २७ जानेवारी २०१७ रोजी, राष्ट्राध्यक्ष झाल्यावर अवघ्या आठवड्याभरात, ट्रम्प यांनी इराण, इराक, लिबिया, सोमालिया, सुदान, सीरिया आणि येमेन या सात देशांतील नागरिकांच्या प्रवेशावर बंदीचा आदेश काढला. विमानात बसलेली माणसे उतरल्यावर अडवली गेली. नवरा एका देशात, बायको-मुले दुसऱ्या देशात, अशी घरे तुटली. न्यायालयीन लढाया झाल्या, आदेश बदलले, आणि २६ जून २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तिसरा आदेश कायम ठेवला. ही बंदी २० जानेवारी २०२१ रोजी उठली.

वेळेवर माघार

आता २०२० ची डेमोक्रॅटिक पक्षाची लढत पाहा. तिथे तर वीसहून अधिक उमेदवार होते. जून २०१९ मध्ये पहिली वादचर्चा दोन रात्री, दहा-दहा जणांची घ्यावी लागली. जनमत चाचण्यांत माजी उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन पुढे होते. मतदान सुरू झाल्यावर ते आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले. सगळ्यांना वाटले, संपले. पण २९ फेब्रुवारीला साऊथ कॅरोलिनात कृष्णवर्णीय मतदारांच्या भक्कम पाठिंब्यावर ते मोठ्या फरकाने जिंकले. पुढच्या दोन दिवसांत पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुचर यांनी माघार घेऊन बायडन यांना पाठिंबा दिला. ३ मार्चला १४ राज्यांत मतदान झाले, त्यांपैकी १० बायडन यांनी जिंकली. त्याच दिवशी मायकेल ब्लूमबर्ग यांनी स्वतःचे कोट्यवधी डॉलर ओतूनही फक्त अमेरिकन समोआ हा छोटा द्वीपसमूह त्यांच्या हाती लागला.

मी इथे कोणत्या पक्षाची बाजू घेत नाही. बायडन चांगले की वाईट, हा वेगळा प्रश्न. माझा मुद्दा एवढाच आहे की एका पक्षात लोक वेळेवर बाजूला झाले, दुसऱ्यात झाले नाहीत. गर्दीच्या लढतीत पुढे कोण आहे यापेक्षा मागे कोण आणि कधी हटतो, यावर निकाल ठरतो.

घरात बोलायचे प्रश्न

म्हणून टीव्हीवर किंवा मोबाईलवर "अमुक पुढे" असे ऐकले की मुलांसोबत तीन प्रश्न विचारून पाहा. पुढे म्हणजे किती टक्के? उरलेली मते कितीजणांत वाटली गेली आहेत? आणि जिंकण्याचा नियम काय आहे? तीन प्रश्नांची उत्तरे काढली की अर्धा गोंगाट आपोआप थांबतो. मोहल्ला कमिटी, सोसायटी, शाळेची पालक समिती, कुठलीही निवड असो, हेच प्रश्न लागू पडतात. आणि स्वतः उभे राहिलो असू, तर चौथा प्रश्नही विचारावा: मी बाजूला झालो तर कोणाचे भले होईल?

दुसऱ्या दिवशी मी वर्गात ही सगळी गोष्ट सांगितली आणि पहिल्या दोघांत पुन्हा मतदान घेतले. आदल्या दिवशी दुसरी आलेली मुलगी २३ मतांनी मॉनिटर झाली. ज्या मुलाला १३ मते होती त्याला १८ मिळाली. तो थोडा हिरमुसला, पण तक्रार केली नाही. प्रश्न विचारणारीला मी म्हटले, "आता हिशेब जुळला?" ती म्हणाली, "हो मॅडम. आता निम्म्याहून जास्त आहेत."