भाटघर ते नरसिंहपूर : पाटाकाठची सायकलवाट

सायकलीवरून दूरचा मुलूख पाहू इच्छिणाऱ्यास दख्खनच्या पठाराची खरी ओळख होते ती त्याच्या चढउतारांनी, आणि पुण्याहून कोणत्याही दिशेस निघाले तरी पहिल्या दिवसाचा बराचसा दम एखाद्या घाटाच्याच वाट्याला जातो. अशा या प्रांतात शंभर मैलांच्या घरात लांबी असलेली, जवळजवळ सपाट आणि अखंड पाण्याच्या सोबतीने जाणारी एक वाट सव्वाशे वर्षांहून अधिक काळ नांदत आहे, ही गोष्ट फारच थोड्या सायकलस्वारांच्या ध्यानी येते. याचे कारण उघड आहे. ती वाट प्रवाशांसाठी कोणी बांधलेलीच नाही. ती नीरा डाव्या कालव्याच्या देखरेखीसाठी पाटबंधारे खात्याने राखलेली भरावावरची पायवाट आहे, आणि ग्रामस्थ तिला नुसते ‘कॅनॉलचा रस्ता’ म्हणतात.

या वाटेचा आरंभ मात्र कालव्यापासून न करता त्याच्या उगमाशी, म्हणजे भाटघरच्या जलाशयाशी करणे इष्ट. पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळपाशी भोरकडे वळले म्हणजे थोड्याच वेळात वेळवंडी नदीला आडवा घातलेला, सुमारे सोळाशे मीटर लांबीचा तो दगडी बांध दृष्टीस पडतो. १८७६ ते १८७८ या सालांतील भीषण दुष्काळाने दख्खनच्या पूर्वभागाची जी दैना केली, तिच्या धसक्याने सरकारने जी पाण्याची कामे हाती घेतली त्यांपैकी हे एक प्रमुख; त्यात रयतेविषयीची कणव किती आणि सारा बुडण्याची धास्ती किती, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. पहिला बांध व्हाइटिंग नावाच्या अभियंत्याच्या हातचा, म्हणून तलावासही त्याचेच नाव पडले. पुढे मागणी वाढली, आणि १९२८ च्या सुमारास पहिल्याहून कितीतरी थोर असा दुसरा बांध उभा राहून मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉइड यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. जुना बांध नव्याच्या पोटात गडप झाला. आज या जलाशयास शिवकालीन वीर येसाजी कंक यांचे नाव आहे आणि त्यात साडेतेवीस टीएमसी पाणी मावते. नीरा खोऱ्यातील भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी आणि वीर ही चारही धरणे मिळून ४८.३३ टीएमसी साठा होतो, त्याचा जवळजवळ अर्धा भाग एकट्या भाटघरचा.

तलावाच्या काठाकाठाने भुतोंडे खोऱ्याकडे जाणारा रस्ता सायकलस्वाराचा पुरता कस पाहतो, कारण डोंगराची प्रत्येक सोंड पाण्यापर्यंत उतरलेली आहे आणि रस्त्याला ती दर वेळी चढून उतरावी लागते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबरेश्वराचे एरवी पाण्याखाली असणारे देवालय उघडे पडते आणि दर्शनाला माणसे लोटतात. मला या काठावर एक विचार सोडीत नाही. हा मुलूख त्या काळी भोर संस्थानचा होता. भातखाचरे बुडाली ती येथील मावळकऱ्यांची आणि ऊस उभा राहिला तो खाली बारामती, इंदापूर, फलटण आणि माळशिरस या तालुक्यांत. धरणाच्या काठी राहून पिण्याच्या पाण्याच्या टँकरची वाट पाहणारी वाडी महाराष्ट्रात नवलाची राहिलेली नाही, हे जितके खरे तितकेच लाजिरवाणेही आहे.

भाटघरचे पाणी थेट पाटात शिरत नाही. ते नदीने वाहत वीरपर्यंत येते आणि तेथून डाव्या व उजव्या अशा दोन कालव्यांत विभागले जाते. वीरचे सध्याचे धरण १९६० च्या दशकातले, परंतु डावा कालवा त्याहून पुष्कळ जुना. त्याचे पाणी १८८५ च्या सुमारास सुटले. वीरचा म्हस्कोबा पाहून, पालखीच्या वाटेवरचे नीरा गाव ओलांडून (ज्ञानेश्वर माउलींच्या पादुकांना आषाढवारीत येथेच नीरास्नान घडते) सायकल एकदा भरावावर चढली की प्रवासाचे स्वरूपच पालटते.

त्याचे मर्म भूमापनात आहे. नदी तळातून वाहते आणि कालव्याला तर जमीन भिजवण्यासाठी तिच्याहून उंच राहावयाचे असते. म्हणून तो डोळ्यांस न जाणवणारा उतार घेत, टेकडीच्या कुशीकुशीने, एकाच पातळीची रेघ धरून चालतो. वाटेत ओढा आला की तो ओढ्याच्या वरच्या अंगाला लांबवर आत वळतो, जेथे पात्र अरुंद होते तेथे दगडी मोरीवरून पलीकडे जातो आणि दुसऱ्या अंगाने पुन्हा बाहेर येतो. सडकेने दोन कोसांवर असलेले गाव त्यामुळे पाटाने तीन कोसांवर पडते. ज्याला पोहोचण्याची घाई आहे त्याने या वाटेस जाऊ नये. परंतु ज्याने पातळी-यंत्र खांद्यावर घेऊन उन्हातान्हात ही रेघ आखली, त्या अनामिक मोजणीदाराच्या श्रमाचे फळ सायकलस्वारास विनासायास मिळते. एकच गिअर असलेली जुनी काळी सायकलही येथे बिनतक्रार चालते, आणि एके काळी पाटकरी अशाच सायकलीवर बसून दारे तपासत हिंडत.

याच रेघेचा दुसरा परिणाम असा, की पूर्वेकडे तोंड करून निघालेल्या स्वाराच्या उजव्या हाताला बागायत असते आणि डाव्या हाताला जिराईत. उजवीकडे पाट आणि नदी यांच्या दरम्यान उसाचे फड, केळी, द्राक्षाचे मांडव. डावीकडे माळ, बाभळी, बाजरीची खुरटी ताटे आणि मेंढरांचे कळप. बारामती तालुक्यात कोणाचे घर कोणत्या भागात हे विचारताना लोक ‘बागायती की जिरायती’ असेच विचारतात. सोयरीक जुळवतानाही या प्रश्नास मोल आहे. मोटारीतून जाणाऱ्यास ही हद्द कळत नाही, कारण सडक कधी या बाजूस असते, कधी त्या. सायकलस्वार मात्र नेमका हद्दीवरून चालतो, आणि म्हणूनच या वाटेला नुसती रम्य म्हणणे मला अपुरे वाटते.

पाण्याच्या वाटपाचा बंदोबस्त हे या प्रांतातले मोठे शास्त्र. तरुण वयात मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ सुचवली : कोणाच्याही शेतात मनमानी ऊस न लावता गावोगाव ठरावीक गट पाडावेत, आणि त्यांत उसाबरोबर इतर पिकांची फेरपालट व्हावी. अतिपाण्याचा धोका तेव्हाच दिसू लागला होता. कृषिशास्त्रज्ञ हॅरोल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला, तो आजही वाटेवर पडताळून पाहता येतो. पाटाच्या खालच्या अंगाला उसाच्या दोन हिरव्यागार फडांमध्ये एखादे वावर असे लागते की ज्यात लव्हाळ्यावाचून काही उगवत नाही, आणि वरच्या ढेकळांवर मिठासारखा पांढरा फुलोरा आलेला असतो. बोट लावले तर तो भुरभुरतो. शेतकरी त्या रानाला चोपण म्हणतो, अन् कोणी खोदून विचारले तर आजोबांच्या काळी तेथे उत्तम ज्वारी होत असे, असे सांगतो.

आता प्रवाशाच्या उपयोगाचे चार शब्द. ही वाट सलग नाही. कोठे डांबर, कोठे खडी, कोठे नुसती माती, आणि सरकारी हद्द असल्याने जेथे फाटक असेल तेथे पाटकऱ्यास विचारून पुढे जावे. वेड्या बाभळीचा काटा हा खरा शत्रू; सायकल उभी करताना चाक कशावर टेकते ते पाहावे, आणि जादा ट्यूब जवळ बाळगावी. गळिताच्या हंगामात सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर या कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या दुहेरी ट्रॉल्या पुलांपाशी वाट अडवून बसतात. त्यांच्या मागे राहण्यापेक्षा कोपरावर गुळाची काकवी सांडवत अर्धा तास गुऱ्हाळावर काढलेला बरा. पावसाळ्यात भरावावर जाऊच नये. २०२५ च्या मे महिन्यात अवकाळी पावसाने बारामतीजवळ पिंपळी-लिमटेकपाशी हा कालवा फुटला, तेव्हा पाणी थेट वस्त्यांत आणि सडकेवर शिरले.

बारामतीस कवी मोरोपंतांचे वास्तव्य होते, एवढे स्मरण करून कऱ्हेकाठची ती गजबज मागे टाकावी. पुढे सणसरपाशी निवड करावी लागते. उत्तरेकडे गेल्यास भिगवणपाशी उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी, आणि हिवाळ्यात तेथे उतरणारे रोहित पक्षी. पूर्वेकडे गेल्यास निमगाव केतकी आणि इंदापूर. पक्ष्यांसाठी बहुतेक जण उत्तरेला वळतात. मी पूर्वेची शिफारस करतो, कारण कालव्याचा शेवट पाहिल्यावाचून कालवा कळत नाही. शेपटाकडच्या गावांत पाट रोडावतो, पाण्याचे आवर्तन (पाळी) केव्हा पोहोचेल याची चर्चा चहाच्या टपरीवर चालते, आणि पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरूनही पाणी वरच्यांनीच उपसले अशी तक्रार कानी पडते.

याच पट्ट्यात आज अस्तरीकरणाचा वाद धगधगतो आहे. पाटाला काँक्रीटचे अस्तर केले तर गळती थांबेल आणि शेपटापर्यंत पाणी जाईल, असे खाते म्हणते. वरच्या गावांचे म्हणणे असे की आमच्या विहिरी या पाझरावरच जगतात, त्या आटल्या तर आमचे काय? दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि ज्याला खाते गळती म्हणते तिच्यावर कोणाचा हक्क आहे याचा उल्लेख कोणत्याही परवान्यात नाही. सायकलस्वाराचे या वादात काही लागत नसले, तरी अस्तर झाल्यावर पाटाकडेच्या झाडांचे काय होणार हे मात्र त्याने विचारावे. ती झाडे याच पाझरावर वाढलेली आहेत. राहिला शेवटचा टप्पा : इंदापूरपासून नीरा-भीमेच्या संगमावरचे नरसिंहपूर एका सकाळचा रस्ता आहे, आणि घाट उतरला की समोर भीमेला मिळणारी नीरा दिसते. तिच्या पात्रात तेव्हा किती पाणी आहे, हे वीरपासून पाटात किती सोडले यावर ठरलेले असते.