एन्येच्या डोक्यावरची लाट

विद्यार्थी मित्रांनो, उर्दू लिहिताना तुम्ही अक्षरावर कधी कधी तश्दीद देता. चिन्ह लहानसे, पण त्यामुळे अक्षराचा उच्चार दुहेरी होतो. मराठीत अनुस्वाराच्या एका ठिपक्याने 'मद' या शब्दाचा 'मंद' होतो. रोमन लिपीत लिहिल्या जाणाऱ्या अनेक भाषांनाही अशी चिन्हे लागतात. इंग्रजीत ती क्वचितच दिसतात, म्हणून आपल्याला त्यांची ओळख नसते.

स्पॅनिश भाषेचे उदाहरण घेऊ. तिच्या वर्णमालेत 27 अक्षरे आहेत. इंग्रजीपेक्षा जास्तीचे अक्षर म्हणजे 'एन्ये'. 'एन' या अक्षरावर लाटेसारखी छोटी रेघ काढली की एन्ये होते. जुन्या काळी लेखनिक दोन 'एन' लिहिण्याऐवजी एकच लिहीत व त्यावर रेघ देत. म्हणजे ही लाट तश्दीदची बहीणच म्हणायची! स्पॅनिशमध्ये 'काना' म्हणजे पिकलेला केस आणि 'कान्या' म्हणजे ऊस. लिहिताना फरक फक्त त्या लाटेचा. स्पेन देशाच्या स्वतःच्या नावात, 'एस्पान्या'मध्येही, एन्ये आहे.

आता हे अक्षर संगणकात कसे जाते ते पाहू. संगणक फक्त अंक साठवतो. म्हणून हजेरीपटावर तुमचा क्रमांक असतो, तसा प्रत्येक अक्षराला क्रमांक द्यावा लागतो. 1963 साली अमेरिकेत 'आस्की' नावाचे कोष्टक तयार झाले. त्यात केवळ 128 क्रमांक होते. लहान 'एन'ला 110 हा क्रमांक मिळाला. एन्येला मात्र जागाच नव्हती.

पुढे 256 क्रमांकांची कोष्टके आली. पश्चिम युरोपच्या कोष्टकात लहान एन्येला 241 हा क्रमांक मिळाला. पण पूर्व युरोपच्या कोष्टकात 241 म्हणजे पोलिश भाषेतील तिरपी रेघ असलेला 'एन', आणि अरबी कोष्टकात 241 म्हणजे चक्क तश्दीद! साहजिकच एका देशातील पत्र दुसऱ्या देशातील संगणकावर भलतेच दिसे.

यावर उपाय म्हणून 1991 साली 'युनिकोड' आले. त्यात प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक आहे. एन्ये 241 वरच राहिले, पोलिश अक्षराला 324 आणि तश्दीदला 1617 मिळाला. आपले मराठीचे 'क' 2325 वर आहे. आता एकाच पानावर या सर्व भाषा सुखाने नांदू शकतात.

हे अक्षर टाइप कसे करावे? स्पॅनिश कळफलकावर एन्येची वेगळी कळ असते. ती नसेल तर विंडोज संगणकावर 'ऑल्ट' कळ दाबून धरावी आणि उजवीकडील अंकांच्या कळांनी 0241 टाइप करावे. मोबाईलवर 'एन' थोडा वेळ दाबून धरला की एन्ये समोर येते.

या एका कळेसाठी स्पेनला भांडावे लागले. स्पेनमध्ये विकल्या जाणाऱ्या कळफलकांवर एन्ये असलेच पाहिजे, असा तेथे नियम होता. त्यामुळे व्यापाराला अडथळा होतो, अशी हरकत 1991 साली युरोपीय समुदायाने घेतली. स्पॅनिश लोकांना फार वाईट वाटले. यंत्रासाठी आपण आपले अक्षर का सोडावे, असा त्यांचा प्रश्न होता. अखेर 1993 साली स्पेन सरकारने एन्येचे रक्षण करणारा आदेश काढला.

मित्रांनो, यंत्र माणसाने बनवले आहे. भाषेप्रमाणे यंत्र बदलता येते; यंत्रासाठी भाषा तोडण्याचे कारण नाही. म्हणून मराठी असो वा उर्दू, टाइप करताना अनुस्वार आणि तश्दीद आळसाने गाळू नका. चिन्ह लहान असते, पण अर्थ त्याच्याच आधारावर उभा असतो.

स्वाध्याय
1. 'काना' आणि 'कान्या' या शब्दांचे अर्थ लिहा.
2. युनिकोड येण्यापूर्वी कोणती अडचण येत होती?
3. एका चिन्हाने अर्थ बदलतो असे मराठीतील व उर्दूतील दोन-दोन शब्द शोधा.